जुन्या गेम कंट्रोलरची बॅटरी: आधी मोजा, मग ठरवा

वर्षानुवर्षं कपाटात पडलेला कंट्रोलर बाहेर काढला, बटण दाबलं आणि दिवा लागला नाही, की पुष्कळ घरांत तो सरळ भंगाराच्या पिशवीत जातो. मला ते बघवत नाही. अशा कंट्रोलरची बटणं, स्टिक, थरथरणाऱ्या मोटरी सगळं ठणठणीत असतं. अडलेलं असतं ते फक्त विजेपाशी. आणि तिथंही दोष दर वेळी बॅटरीचाच असतो असं नाही. कधी केबल चुकीची असते, कधी स्प्रिंग गंजलेली असते, कधी बॅटरीने स्वतःच स्वतःला बंद करून घेतलेलं असतं.

ज्यांनी आजवर कंट्रोलरचा एकही स्क्रू काढला नाही आणि मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) हातात धरला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्या लेखात धरून ठेवायची गोष्ट एकच: मोजल्याशिवाय बॅटरी मेली म्हणू नका, आणि मोजल्यावर खरंच मेलेली निघाली तर तिच्यावर जबरदस्ती करू नका.

आत कुठली बॅटरी आहे?

वायरलेस कंट्रोलरची दोन घराणी आहेत. पहिलं सुट्या सेलवर चालणारं. निन्टेन्डोच्या गेमक्यूबचा २००२ चा वेव्हबर्ड, निन्टेन्डोचाच २००६ चा वी रिमोट, एक्सबॉक्स ३६० पासून आजपर्यंतचे एक्सबॉक्सचे साधे कंट्रोलर, या सगळ्यांत दोन डबल ए सेल लागतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेच. एक्सबॉक्सला सेलच्या जागी चार्ज होणारा पॅकही बसतो; ३६० च्या काळातला तो पॅक निकेल-मेटल हायड्राइडचा, म्हणजे चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलच्याच जातीचा.

दुसरं घराणं आत कायमची लिथियम-आयन बॅटरी असलेलं. प्लेस्टेशन ३ चा ड्युअलशॉक ३ (५७० एमएएच), प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४ (१००० एमएएच), निन्टेन्डो स्विचचे जॉय-कॉन (५२५ एमएएच) आणि स्विचचा प्रो कंट्रोलर (१३०० एमएएच). एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. व्होल्टेज मात्र सगळ्यांचं जवळपास सारखं, साधारण ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर ४.२.

कुठल्या घराण्यातला कंट्रोलर आहे हे आधी पक्कं करा, कारण पुढचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर करणं धोक्याचं आहे.

हात लावण्याआधी बघा आणि वास घ्या

कंट्रोलर उजेडात धरून कडेची फट बघा. वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतात तिथे एका बाजूला फट रुंद झाली असेल, पाठ किंचित फुगीर लागत असेल, किंवा टेबलावर ठेवल्यावर कंट्रोलर डुगडुगत असेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, उग्र वास आला तर बॅटरीतला द्रव बाहेर आलाय असं समजा.

फुगलेल्या बॅटरीला दुसरी संधी नाही. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार झालेला असतो आणि तो परत आत जिरत नाही. ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचून हवा काढायचा विचारही करू नका. आवरण फाटलं तर आग लागू शकते. थेट शेवटच्या भागाकडे जा. जुनी बॅटरी कुठे द्यायची ते तिथे आहे.

सेलवाले कंट्रोलर

इथे शत्रू ठरलेला आहे: आत विसरलेले सेल. झाकण उघडा. पांढरी, निळसर किंवा हिरवट खरड दिसली तर सेल गळलाय. कोकणातल्या दमट हवेत धातूच्या पट्ट्या आधीच लवकर गंजतात, त्यात गळलेला सेल असेल तर स्प्रिंग पार खाऊन टाकतो.

हातात रबरी मोजे घाला. सेल अडकला असेल तर लाकडी काडीने सोडवा, धातूच्या टोकाने नको. खरड आधी कोरडीच, जुन्या टूथब्रशने कागदावर झाडा. मग सेलवर काय लिहिलंय ते वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा बाहेर येणारं रसायन क्षारीय असतं आणि हवेत राहून त्याची पांढरी पूड होते. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. कापसाच्या काडीला थोडासा लावून पट्टीवर फिरवा. बारीक बुडबुडे येतील, याचा अर्थ पूड विरघळतेय. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे स्वस्त सेल पुष्कळदा झिंक-कार्बनचे असतात. त्यांची गळती आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही. खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने पुसायचं. दोन्ही बाबतींत काडी ओलसर असावी, थेंब टपकता कामा नये.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. पट्टी अजून काळपट असेल तर शाळेतल्या खोडरबराने घासा. पॉलिश पेपर अगदीच नाइलाज झाला तर वापरा, कारण त्याने वरचा मुलामा निघतो आणि खालचं लोखंड पुन्हा लवकर गंजतं. मग एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले दोन नवे सेल घाला. एक जुना, एक नवा अशी जोडी लावली की जुना आधी संपतो आणि उलटा ताण पडून तोच गळतो.

चार्ज होणारे पेन्सिल सेल किंवा एक्सबॉक्स ३६० चा पॅक बरीच वर्षं पडून असेल तर घाई करू नका. हे निकेलचे सेल झोपेतून उठायला वेळ घेतात, पण पुष्कळदा उठतात. व्होल्टेज फार खाली गेलेलं असलं की आजकालचे हुशार चार्जर सेल ओळखतच नाहीत आणि लाल दिवा दाखवून थांबतात. घरात जुना, संथ, साधा चार्जर असेल तर त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग हुशार चार्जरमध्ये घाला. बहुतेक वेळा तो सेल स्वीकारतो. एकदा पूर्ण भरा, खेळून पूर्ण उतरवा, पुन्हा भरा. असं तीन-चार वेळा केलं की क्षमता बरीचशी परत येते. चार्ज होताना सेल हाताला चटका बसण्याइतका तापला किंवा रात्रभरात आपोआप उतरला, तर तो बाद.

नवख्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला यूएसबी केबल लावली म्हणजे आतले चार्ज होणारे डबल ए सेल चार्ज होतील असं वाटतं. होत नाहीत. केबलने फक्त एक्सबॉक्सचा स्वतःचा पॅक चार्ज होतो. सेल बाहेर काढून त्यांच्या चार्जरमध्येच घालावे लागतात.

लिथियमवाले: न उघडता आधी काय करायचं

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी केबल तपासा. ड्युअलशॉक ३ ला मिनी-यूएसबी लागते, ड्युअलशॉक ४ ला मायक्रो-यूएसबी. दोन्ही पिना दिसायला जवळच्या वाटतात, पण एक दुसऱ्यात जात नाही. मिनीची केबल आता घरात सापडणं कठीण. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या किंवा पोर्टेबल हार्ड डिस्कच्या पिशवीत शोधा.

ड्युअलशॉक ३ बद्दल एक गोष्ट कळली नाही म्हणून किती चांगले कंट्रोलर वाया गेले असतील! तो फोनच्या साध्या चार्जरवर सहसा चार्ज होतच नाही. समोर प्लेस्टेशन किंवा कॉम्प्युटर आहे हे त्याला केबलमधल्या डेटाच्या तारांवरून कळावं लागतं. तोवर तो वीज घेत नाही. लोक तो फोनच्या चार्जरला लावतात, रात्रभर ठेवतात, सकाळी दिवा नाही, मग बॅटरी मेली म्हणतात. तो चालू असलेल्या प्लेस्टेशन ३ ला किंवा लॅपटॉपला लावा. केबलही डेटावाली हवी. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये त्या तारा नसतात. केबल नीट आहे का हे बघायला ती दुसऱ्या उपकरणाला लावून फाइल कॉपी होते का ते पाहा.

ड्युअलशॉक ४ ला साधा पाच व्होल्टचा फोन चार्जर चालतो. चार्ज होताना पुढची पट्टी केशरी रंगात हळूहळू उजळते-मंदावते आणि भरल्यावर विझते. पट्टी लागलीच नाही तर पाठीमागे एल-२ बटणाजवळ असलेल्या बारीक भोकात पिन घालून आतलं रीसेटचं बटण चार-पाच सेकंद दाबा आणि पुन्हा लावा. जॉय-कॉन वर चार्जिंगचा दिवा नाही. ते स्विचला जोडून स्क्रीनवर बघावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: थांबा. बरीच वर्षं उतरलेली बॅटरी लावल्या लावल्या काहीच दाखवत नाही. त्यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. लिथियम बॅटरीच्या डोक्यावर एक इवलंसं संरक्षक सर्किट असतं. व्होल्टेज साधारण अडीचच्या आसपास उतरलं की ते बॅटरीला बाहेरच्या तारांपासून तोडतं, म्हणजे ती आणखी पिळली जाऊ नये. बाहेरून मग बॅटरी संपूर्ण रिकामी वाटते, पण आत थोडा जीव असतो. कंट्रोलरमधलं चार्जिंगचं सर्किट अशा बॅटरीला आधी अगदी कमी करंट देतं, नेहमीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. व्होल्टेज तीनच्या जवळ आलं की मगच पूर्ण करंट सुरू होतो. लांब उपास सोडताना आधी पेज देतात, तसंच हे. म्हणून अर्धा-पाऊण तास समोर बसून वाट बघा. समोर बसून म्हणतोय, लावून झोपायला जाऊ नका.

चार्जिंग घरातल्या थंड जागी, फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवून करा. गादीवर, उशीखाली नको. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तर मुळीच नको. कंट्रोलर जास्त गरम लागला, वास आला किंवा फुगायला लागला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. धूर निघाला तर लांब व्हा, आणि वीज बंद असेल तरच भरपूर पाणी ओता.

उघडून मोजणं

तासाभराने काहीच झालं नाही तर आता मीटर. डीटी-८३० जातीचा स्वस्त डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरेसा आहे. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात, चक्र डीसी व्होल्टच्या २० वर. आधी नव्या पेन्सिल सेलवर हात बसवा: लाल टोक बटणाकडे, काळं सपाट बाजूला. १.५ ते १.६ दिसलं म्हणजे मीटर आणि तुम्ही दोघंही बरोबर आहात.

सरावाला ड्युअलशॉक ४ उत्तम. पाठीमागे चार छोटे प्लस स्क्रू आहेत. पीएच ०० मापाचा ड्रायव्हर घ्या. बोथट ड्रायव्हरने खाच घासली गेली तर पुढचं सगळं अडतं. स्क्रू काढल्यावर पाठ लगेच सुटत नाही, मुठींच्या कडेला क्लिपा असतात. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पिक सरकवत सावकाश उचका. पाठ उचलताना दोन भागांना जोडणारी एक पातळ चपटी पट्टी दिसेल. ती ताणू नका. बोर्डावरच्या खाचेतून सरळ रेषेत बाहेर ओढा. एल-२, आर-२ च्या स्प्रिंगा उडू शकतात, म्हणून खाली पांढरा कपडा अंथरा आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा.

मधोमध बॅटरी दिसेल. तारा धरून ओढायच्या नाहीत. नखांनी पांढरा प्लग दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवत सोडवा. मग मीटरचा लाल प्रोब (वायरचं धातूचं टोक) लाल तारेच्या भोकात, काळा काळ्या तारेच्या. भोकं बारीक असतात आणि प्रोब जाड. दोन टोकं एकमेकांना लागली तर शॉर्ट होईल. प्रोबच्या टोकाचा शेवटचा कण सोडून बाकी भागाला चिकटपट्टी गुंडाळली की ही भीती जाते.

ड्युअलशॉक ३ ला पाच स्क्रू आहेत आणि बाकी रीत अशीच. स्विच प्रो कंट्रोलरची बॅटरी तर तारांशिवाय, कडक खोक्यातली आहे; निन्टेन्डोची सीटीआर-००३, तीच निन्टेन्डो ३डीएस मध्येही असते. जॉय-कॉन मात्र सुरुवातीला घेऊ नका. त्याला तीन पाकळ्यांचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि आतल्या पट्ट्या फार नाजूक आहेत.

आकडा काय सांगतो

३.६ च्या वर काहीही दिसलं तर बॅटरी निर्दोष आहे असं धरून चला आणि संशय चार्जिंगच्या पोर्टावर घ्या. ड्युअलशॉक ४ मध्ये यूएसबीचा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि तो वारंवार खराब होतो. नवा बोर्ड स्वस्तात मिळतो, फक्त त्यावर छापलेला जेडीएस ने सुरू होणारा क्रमांक जुन्याशी जुळवून घ्या.

३ ते ३.६ म्हणजे नुसती उतरलेली. अडीच ते तीन म्हणजे खोल उतरलेली, पण वाचण्यासारखी. दोन्ही वेळी प्लग परत लावा, कंट्रोलर जोडा आणि वर सांगितल्याप्रमाणे समोर बसून चार्ज करा. दर पंधरा मिनिटांनी केबल काढून मोजलं तर आकडा चढताना दिसतो. आधी २.७, मग २.९, आणि तीन ओलांडल्यावर एकदम झपाट्याने ३.४, ३.५. तो चढता आकडा बघताना जो आनंद होतो, त्यासाठीच मी हे काम करतो.

शून्य किंवा शून्याच्या जवळ दिसलं तर दोन शक्यता: संरक्षक सर्किटने तोडलेली, किंवा खरंच गेलेली. बाहेरून फरक कळत नाही. अशा बॅटरीला एकच संधी द्या, तीही कंट्रोलरच्या स्वतःच्या सर्किटमधून. अर्धा तास लावा आणि काढून लगेच मोजा. अडीचच्या वर आली आणि दहा मिनिटांनीही तिथेच राहिली, तर पुढे जा. अजून शून्यच असेल, किंवा चढून पुन्हा खाली येत असेल, तर सोडून द्या.

एक ते दोनच्या दरम्यानचा स्थिर आकडा मला सगळ्यात वाईट वाटतो. व्होल्टेज दोनच्या खाली बराच काळ राहिलं की आतला तांब्याचा पातळ पत्रा द्रवात विरघळू लागतो, आणि चार्ज केल्यावर तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. अशी बॅटरी वरवर चार्ज होईलही, पण पुढे कधी तापेल याचा भरवसा नाही. तिला चार्जरच लावू नका.

म्हणूनच नऊ व्होल्टच्या बॅटरीने ‘झटका’ देणं किंवा यूएसबीची केबल कापून तारा थेट बॅटरीला लावणं मी कुणालाही सांगणार नाही. त्यात करंटवर कसलाच ताबा नसतो. फ्रीजरमध्ये ठेवून बॅटरी जिवंत होते हेही खरं नाही; बाहेर काढल्यावर दव धरतं आणि सर्किट गंजतं, एवढाच परिणाम.

चार्ज टिकतो का?

पूर्ण भरल्यावर ४.१ ते ४.२ यायला हवं. प्लग काढून बॅटरी एक दिवस तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. किंचित उतरली तर ठीक. चारच्याही खाली आली तर आतून गळतेय, बदलून टाका. हेही जमलं की खेळून बघा. नवा ड्युअलशॉक ३ सुमारे ३० तास चालायचा, जॉय-कॉन सुमारे २०, स्विच प्रो सुमारे ४०. जुन्या बॅटरीने त्याच्या निम्मं दिलं तरी मी ती ठेवतो. तासाभरात मान टाकत असेल तर नवी घेतो.

नवी घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, दोन्हीकडे सुटे भाग मिळतात. जुनी बॅटरी बरोबर न्या. ड्युअलशॉक ४ चे प्लग दोन मापांचे आहेत: सुरुवातीच्या झेडसीटी-१ मॉडेलचा मोठा, नंतरच्या झेडसीटी-२ चा लहान. मॉडेल कंट्रोलरच्या पाठीवर छापलेलं असतं. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर २००० किंवा ३००० एमएएच छापलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका. मूळ १००० च्या जागेत तेवढी वीज मावत नाही. दुकानात मीटर लावून बघा, नवी बॅटरी ३.६ ते ३.९ च्या आसपास हवी. दोनेक वर्षं दुकानात पडून उतरलेला ‘नवा’ माल घेऊन काय उपयोग?

परदेशातून कुणी नातेवाईक आणणार असेल तर सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. हातातल्या बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून आणायला सांगा.

पुन्हा ठेवायचा असेल तर

सेलवाल्या कंट्रोलरमधले सेल काढून ठेवा. लिथियमवाला निम्मा भरलेला ठेवा. पूर्ण भरून ठेवला तर बॅटरी लवकर म्हातारी होते, रिकामा ठेवला तर पुन्हा वरचा सगळा प्रकार. जागा थंड हवी, माळा नको. निन्टेन्डो स्वतःच सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करायला सांगते आणि हा सल्ला सगळ्याच कंपन्यांच्या कंट्रोलरना लागू पडतो. गुढीपाडव्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा, म्हणजे लक्षात राहतं.

बाद झालेल्या बॅटरीचं काय करायचं

घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो आणि दबलेली लिथियम बॅटरी पेट घेते. भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. त्यांनुसार बॅटरी जमिनीत पुरणं किंवा जाळणं मना आहे आणि ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवा. मग महापालिकेच्या ई-कचरा संकलन केंद्रात किंवा नोंदणी असलेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. देताना बॅटरी फुगलेली आहे हे तोंडाने सांगा, म्हणजे ते ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवतील.